संस्कृत की जर्मन

१३ जून १९७४, गुरुवार

जर्मन! आमच्या नेरळच्या शाळेत जर्मन! आठवीला यंदा हिंदीच्या जोडीला संस्कृत नाहीतर जर्मन, दोन्हीतलं एक घ्यायचं. नवीन आलेल्या कर्णिक बाई शिकवणार. बाईंनी एक वाक्य फळ्यावर लिहून वाचून दाखवलं. घशात माशाचा काटा अडकल्यासारखं! सगळा वर्ग खिदळला, मीसुद्धा. पण शाळा सुटेपर्यंत मी तोंडातल्या तोंडात तेच वाक्य घोळवत होते. बाकावरची माझी मैत्रीण हलिमा म्हणाली, "येडी झालीस काय गं?"

मी जर्मनच घेणार. ठरलं.

१५ जून

का घेणार ते इथे लिहिते. कोणाला सांगितलेलं नाही.

मे महिन्यात बाबांबरोबर माथेरानला होते. बाबा तिथे हातरिक्षा ओढतात. एके दिवशी एक गोरी म्हातारी बसली, जर्मन होती असं हॉटेलवाला म्हणाला. उतरल्यावर बाबांचा हात हातात धरून ती कितीतरी वेळ बोलली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. बाबा नुसते हसले, मीही हसले. बाप-लेक दोघं खुळ्यासारखी हसत उभी! ती काय बोलली ते आम्हाला जन्मात कळणार नाही. मला अजून राग येतो त्याचा.

दुसरं कारण — संस्कृत घेणाऱ्या पोरींना घरी आजोबांनी श्लोक शिकवलेत. धडाधड म्हणतात. मी तिथे पहिल्या दिवसापासून मागे. जर्मनमध्ये सगळेच कोरे. कोणाचे आजोबा घरी जर्मन बोलतात, सांगा बघू!

२३ जून, रविवार

माथेरानचा सीझन संपला, हॉटेलं बंद झाली. बाबा खाली आले. आता दसऱ्यापर्यंत घरीच, लोकांच्या लावणीला जायचं.

जेवताना भाषेचं सांगितलं. माझं पुरतं ऐकून न घेताच म्हणाले, "संस्कृत घे."

"का पण?"

"आमच्या आज्याच्या कानावर ती भाषा पडली तर त्याला हाकलून लावायचे. तू वर्गात बसून शिकायची. पैल्या बाकावर!"

"मग त्यांची भाषा आपल्याला हवी कशाला?"

"त्यांची? कोणी सातबारा करून दिलाय काय त्यांच्या नावावर?"

आई म्हणाली, "आधी जेवा रं दोघं. भाषा काय पळून जात नाय."

४ जुलै

आषाढ पौर्णिमा. आजपासून वर्षावास. पावसाळाभर रोज संध्याकाळी बुद्धविहारात ग्रंथ वाचायचा. वाचायचं काम बाबांचंच असतं. रात्रशाळेत शिकले ते, ओळीखाली बोट धरून वाचतात, पण आवाज कसा ठणठणीत!

आज मध्येच एक संस्कृत श्लोक आला. बाबांनी कसाबसा ओढून काढला. बुधाजीकाकांना गप्प कुठलं बसवतंय! "म्हंजे काय रं, सखाराम?" बाबांना सांगता येईना. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघतायत. मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मग बाबा म्हणाले, "माजी विशाखा यंदा संस्कृत शिकतेय. फुडच्या वर्षावासाला ती सांगंल."

सगळ्या माना माझ्याकडे! भीमाबाईंनी तर माझ्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. मेले मी!!

९ जुलै

बाबांशी बोलत नाही. बाबाही बोलत नाहीत. आई दोघांशी बोलून दमली.

११ जुलै

आज नावं द्यायची होती. कर्णिक बाई एकेकाला उभं करून विचारत होत्या. संस्कृतचे ओक सर दारात उभे. माझी पाळी आली. खरं सांगते, मी "संस्कृत" म्हणायलाच उठले होते. बाबांसाठी. तोंडातून "जर्मन" बाहेर पडलं! ओक सर म्हणाले, "अगं, मी तुला संस्कृतला धरून चाललो होतो." चांगले आहेत ते. म्हणूनच जास्त वाईट वाटलं.

घरी आल्या आल्या सांगून टाकलं. बाबा इरलं नीट करत बसले होते. "बरं," म्हणाले. एवढंच. दोन थोबाडीत मारल्या असत्या तर परवडलं असतं!

२५ जुलै

"इश हाइसं विशाखा." माझं नाव विशाखा आहे! "इश" म्हणजे मी. दर "इश"ला हलिमा ओढणी तोंडाला लावून लाजते, बाईसुद्धा हसतात. मला सगळ्यांच्या आधी येतं. खरंच येतं!

पण घरी आल्यावर हे कोणाला सांगू? विहारात आता श्लोक आला की बाबा तो गाळून पुढे वाचतात. बुधाजीकाका माझ्याकडे बघतात. मी खाली बघते.

८ ऑगस्ट

हलिमा म्हणाली, "तुझे बाबा रोज ओक सरांकडे जातात. आमच्या दुकानातून दिसतात ना. तुझा विषय बदलायला जात असतील."

असं? माझ्या पाठीमागे? तोंडावर "बरं" म्हणायचं आणि मागून हे! नाही बदलणार मी. शाळा सोडीन!

९ ऑगस्ट

शाळा सुटल्यावर तडक ओक सरांच्या घरी गेले, भांडायच्या तयारीनेच. पडवीत बाबा खुर्चीवर बसलेले. मांडीवर माझी पहिलीतली पाटी. सर शेजारी उभे. सरांनी आधी चालवायला "देव" शब्द काढला होता म्हणे. बाबा म्हणाले, "देव नको सर, दुसरा काढा." म्हणून आता "वृक्ष" चाललाय.

मला बघून बाबा ओशाळले. म्हणाले, "तू तुजं जर्मन शीक गं. विहारात शबूद मी दिलता, मीच पुरा करतो."

बाबांनी पाटीवरच्या ओळीखाली बोट धरलं, मग परत वर बघितलं.

"आणि ती माथेरानची मडम परत आली ना, तर काय म्हणली होती ते इचार तिला. माज्या मनातून जात नाय."