बिनतारेची चकती

४ मार्च
दादाने तारीखच देऊन टाकली! "महिनाअखेर बाबा माझ्याकडे. दार वाजलेलं कळत नाही, कुकर जळाला तरी पत्ता नाही. एकटे राहणार कसे?" खोटं काय आहे त्यात? पण बाबांना स्वतःचं घर सोडायचं नाही. कानाचं यंत्र घातलं की चांगलं ऐकू येतं — ते चार्ज करणंच जमत नाही. बोटं थरथरतात, बारीक पिन बसत नाही. मग यंत्र खणात आणि बाबा गप्प.

५ मार्च
आमच्या प्रयोगशाळेतली, बिनतारेने चार्ज करणारी चाचणीची चकती साहेबांना विचारून बाबांकडे नेली. तिच्यावर यंत्र नुसतं ठेवायचं. तार नाही, पिन नाही. कागदावर लिहून समजावलं. बाबा जन्मभर वायरमन! म्हणाले, "मी भिंती फोडफोडून तारा घातल्या आणि पोटची पोर त्या काढायला निघाली! उद्या नळाशिवाय पाणी आणशील." पण हसले. कित्येक दिवसांनी.
स्वतःच्या वडिलांवर चाचणी — बरोबर आहे का हे? साहेबांना विचारलं, बाबांना कुठे नीट विचारलं?

७ मार्च
काल आणि आज, दोन्ही सकाळी यंत्र ठार बंद. वीज पोचतच नाही. चकतीत दोष आहे, असं साहेबांना कळवून टाकलं. दादा म्हणाला, "तुझं संशोधन राहू दे. मी खोली रिकामी करतोय."

८ मार्च
चूक माझी! आज गेले तर चकतीवर स्टीलची डबी. झाकण घट्ट. यंत्र आत! "एवढी नाजूक वस्तू उघड्यावर टाकू? तूच लिहिलं होतंस, जपा." डबी हाताला कोमट लागली — सगळी वीज तिनेच गिळलेली. प्रयोगशाळेत आम्ही यंत्र नेहमी उघडंच ठेवतो. घरात माणसं वस्तू डबीत ठेवतात, हे एकालाही सुचू नये!
साहेबांना लगेच फोन केला. ओशाळून सांगितलं. ते उलट खूश. "चाचणी म्हणतात ती हीच, बाई!"
बाबांना लाकडी डबी दिली.

९ मार्च
चालू!! बाबांचं पहिलं वाक्य — "पंखा एवढा रडतोय आणि कुणी सांगत नाही?"

१४ मार्च
रोज चालतंय. सध्या वीज बोटभर अंतर ओलांडते. कधीतरी खोलीभर जाईल? फोन, दिवा, पंखा — कशालाच शेपूट नसेल? नक्की सांगता येत नाही. अंतर वाढलं की वाटेत फार सांडते. बाबांना वचन देऊ नये. पण मला स्वतःला वाटतं — होईल.

१६ मार्च
दादा आला. जिन्यातच आमची हलक्या आवाजात जुंपली. "एका चकतीच्या भरवशावर म्हाताऱ्या माणसाला ठेवायचं?" — तो. मी काही बोलणार, तोच दार आतून उघडलं.
"तुमचं सगळं आतून ऐकून झालं," बाबा म्हणाले. "आता आत या आणि माझं ऐका."