काना की वेलांटी

दि. ११ एप्रिल

चि. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. मागच्या पत्रात हात सवयीने ‘सौ.’ लिहून गेला आणि मग मी ते खोडलं. ती खोडाखोड तुला दिसली असेल, हे माझ्या मनाला फार लागून राहिलंय. यापुढे ‘चि.’च लिहीन. पोटच्या लेकीला तेच लिहितात.

मुलांच्या शाळेला सुट्टी लागली असेल. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने जोडतो, म्हणून लिहून विचारतो. मुलं येणार ना? नसतील तर तसं कळव, मी वाईट वाटून घेणार नाही. वाटलं तरी सांगणार नाही. शिलाईचं दुकान बंद केलं तरी दोऱ्यांची रिकामी रिळं, बटणं, कापडाच्या ठाणातल्या पुठ्ठ्याच्या नळ्या असं सगळं मी त्यांच्यासाठी जमवून ठेवलंय. कात्रीची टोकं घासून बोथट केली आहेत. ढब्बूला अजून जिन्यावरून उड्या मारायची खोड आहे का? इथे जिना मोडका आहे, मी मध्ये पाट आडवा लावीन. आणि थोरली अजून गप्पच असते का? बाप गेल्यापासून तिने त्याचं नावही काढलं नाही असं तू म्हणाली होतीस. ते ऐकल्यापासून मला घास गोड लागत नाही.

तुझ्या घरातही काही टाकाऊ सामान असेल तर फेकू नकोस, मुलांबरोबर पाठव. आम्ही तिघं त्याचं काहीतरी टिकाऊ करू.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
आप्पा

दि. १८ एप्रिल

ती. स्व. आप्पांस,

सा. न. वि. वि. मुलं येणार आहेत. तुम्ही पाटाची काळजी करा, मी तुमच्या शुद्धलेखनाची करते. तुमच्या पत्रात पाच वेलांट्या उलट्या होत्या. तिसरीच्या वर्गाला शिकवणाऱ्या बाईला सासरे मिळावेत ते असे.

एक सांगायचं राहिलं होतं. हे घर मी सोडते आहे. एका खोलीचं पाहिलंय, शाळेच्या मागेच. इथले चार मजले आता चढवत नाहीत. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचं घर आणि इमारतीला लिफ्टच नाही, असं हे प्रत्येक मजल्यावर थांबून म्हणायचे आणि हसायचे. आता ते जिन्यात कुणी म्हणत नाही, तर जिना जास्तच उंच झालाय.

मुलं तिकडे असताना मी सामान हलवीन. त्यांना सोडायला माझा दादा येईल. त्याच्याजवळ दोन वस्तू देते, दोन्हींवर चिठ्ठी डकवली आहे. जे टाकाऊ आहे ते मुलांना कापायला, चिकटवायला द्या. जे टिकाऊ आहे ते घर लागेपर्यंत तुमच्या कपाटात असू द्या.

थोरली गप्पच आहे. तिच्या मागे लागू नका. तब्येतीला जपा आणि आम्हा तिघांवर जीव असू द्या.

तुमची सून

दि. २ मे

चि. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. मुलं खुशाल आहेत. ढब्बूला परवा थोडं सर्दीसारखं वाटलं, मी दोनदा औषधवाल्याकडे जाऊन आलो. तो म्हणाला, आप्पा, पोराला काही नाही, तुम्हीच जरा बसा.

आता तुझी एक गंमत. तुझा दादा पिशवी आणि डबा ठेवून गेला. पिशवीवर पाहिलं, टाकाऊ. उघडली तर आत आपल्या पोराचे सदरे, इस्त्री केलेले, मी शिवलेले. डब्यावर पाहिलं, टिकाऊ. आत काय, तर गोळ्यांची रिकामी पाकिटं, चष्म्याची मोडकी दांडी, एक बुटाची नाडी आणि झिजून पापडाएवढा झालेला साबण. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग उलगडा झाला. माझ्या वेलांट्या काढणाऱ्या बाईंची स्वतःचीच चुकली. काना हवा तिथे वेलांटी आणि वेलांटी हवी तिथे काना. एकटाच हसलो. सदरे कपाटात ठेवून कुलूप घातलं आणि डबा मुलांपुढे ओतला.

त्यांनी काय केलं असेल? लिफ्ट. पुठ्ठ्याच्या खोक्याची चार मजली इमारत, वर रिळाची कप्पी, नाडीची तार, आणि पाकिटांच्या चांदीची दारं. चष्म्याची दांडी फिरवली की काड्यापेटी वर जाते. थोरलीने सगळं मापून केलं. बोलली मात्र नाही.

मग ढब्बूला फुगे उडवायचे होते. मी साबण किसून वाटीत विरघळवला, रिळांच्या भोकातून फुंकायला दिलं. ढब्बू म्हणाला की फुगा फुटला की बाबांचा वास येतो. मला वाटलं, आता थोरली त्याच्यावर चिडणार. पण ती नाक पुढे करून एकेक फुगा फोडायला लागली. मी म्हटलं, साबण आपण दुसरा आणू. तिने नुसती मान हलवली, नको.

साबणाचा वास सगळ्यांचा सारखाच, नाही का? पण मनाला चुटपुट लागली आहे. उत्तर लवकर लिही.

आप्पांचे आशीर्वाद

दि. ६ मे

आप्पा,

चिठ्ठी चुकली नव्हती.

तो साबण त्यांनी शेवटपर्यंत वापरला. त्यावर अंगठ्याचा खळगा होता. पाकिटांतली एकेक गोळी त्यांनी स्वतः दाबून काढली होती, हात थरथरायला लागल्यावरही मला काढू दिली नाही. डबा मी कधी उघडत नव्हते. तो आहे, एवढं पुरायचं.

सदरे दोरीवर असावेत तसे डोळ्यांपुढे यायचे, मला घरात वावरता येईना. ते तुम्ही शिवलेत हे मला ठाऊक होतं. म्हणूनच बोहारणीला दिले नाहीत, तुमच्या कात्रीखाली पाठवले. त्यांची बाहुली होवो, पडदा होवो, पण सदरा राहू नये असं वाटलं.

रविवारी दादा मुलांना न्यायला येईल. पुढच्या सुट्टीचं आत्ता काही सांगत नाही.

दि. ९ मे

चि. सूनबाईस,

आशीर्वाद लिहू की नको, हेच कळेना. तरी लिहितो, घे.

चिठ्ठी मला पहिल्याच नजरेत नीट वाचता आली होती. काना कानाच होता. पण आपलं पोर उभं राहिलं की त्याचा उजवा खांदा खाली पडायचा, म्हणून प्रत्येक सदऱ्याचा उजवा खांदा मी दोरीच्या जाडीएवढा चढता शिवलेला आहे. त्याला टाकाऊ म्हणायला माझी जीभ वळेना, मग मी तुझंच अक्षर चुकवलं. सातवी नापास माणसाने बाईंना शिकवायला जाऊ नये.

तुझं पत्र आल्यावर मी लिफ्ट सोडवायला बसलो. म्हटलं, नाडी, पाकिटं जशीच्या तशी डब्यात भरून पाठवू. थोरलीने माझा हात धरला आणि बोलली. म्हणाली, “तार काढू नका आप्पा. तार काढली की लिफ्ट पडते, बाबा सांगायचे.” मग ढब्बूला समजावून सांगत राहिली, बाबा तारेला तेल कसं घालायचे, खाली माणूस नाही ना हे आधी कसं बघायचे. मी कात्री खाली ठेवली. लिफ्ट आहे तशी पाठवतो आहे. तुला पाहवली नाही तर कापडाने झाक, पण मोडू नकोस.

वाटीच्या तळाशी साबणाचं थोडं पाणी उरलं होतं. ते औषधाच्या बाटलीत भरून बूच घट्ट लावलंय. वेडेपणा आहे, ठाऊक आहे.

आज एक सदरा अंगात घालून पाहिला. बाह्या बोटांच्या खाली येतात, तो माझ्याहून केवढा उंच होता. तू हो म्हणालीस तर तेवढा एक ठेवीन, बाह्या आखूड करून. नाही म्हणालीस तर बाकीच्यांबरोबर तोही कापीन.

मुलांना आणायला दादा वेळेवर पोचू दे. मी सकाळपासून दारातच असेन. माया उरली असली तर ठेव.

आप्पा

दि. ३० जून

ती. स्व. आप्पांस,

सा. न. वि. वि. तुमचं पत्र बरेच दिवस उशाशी होतं. त्यातल्या वेलांट्या मी सुधारलेल्या नाहीत.

लिफ्ट खिडकीत ठेवली आहे. पहिले दोन दिवस झाकून ठेवली होती. ढब्बू शाळेतून आला की काड्यापेटी चौथ्या मजल्यावर नेतो आणि तिथेच ठेवतो. थोरली त्याला रागावते, लिफ्ट रात्री तळमजल्यावर हवी म्हणते. मग दोघांचं बाबांवरून भांडण जुंपतं, बाबा काय म्हणाले असते यावरून. मी वह्या तपासत ऐकते. मध्ये पडत नाही. रडू येतं, येऊ देते.

साबणाचा खळगा मात्र मला आता आठवून पाहावा लागतो. तो राग अजून थोडा आहे, तो तुमच्यापासून लपवत नाही.

बाटली मी उघडली नाही. थोरली विचारते, कधी उघडायची. मी सांगितलंय, पुढच्या सुट्टीत, आप्पांकडे. तेव्हा मीही येईन. पाट काढून ठेवा, मी पडत नाही.

सदरे सगळेच ठेवा आणि आळीपाळीने घाला. फक्त बाह्या कापू नका. दुमडून घाला.

तुमची
चि. सूनबाई