‘ग’ नंतरचा अंगठा

दि. ७ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

काल मी घरी आले तेव्हा जे घडलं, ते आधी लिहिते.

१. बाबांनी पियानोवर एकच गोष्ट वाजवली: खालच्या ‘सा’पासून वरच्या ‘सा’पर्यंत, आठ पांढऱ्या पट्ट्या, उजव्या हाताने.
२. पट्ट्या आठ, बोटं पाच. म्हणून ‘ग’ झाल्यावर अंगठा मधल्या बोटाखालून सरकवून ‘म’वर आणायचा असतो. समोरच्या पुस्तकात तसं चित्र आहे.
३. बाबा तिथे अख्खा हात उचलून पुढे ठेवतात. अकरा वेळा मोजलं, अकराही वेळा.
४. मी खोलीत शिरताच झाकण बंद झालं.

चाळीस वर्षं घड्याळांत केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणाऱ्या माणसाला अंगठा सरकवता येत नाही? शिवाय त्यांची मागची तीन पत्रं तुझ्या अक्षरात आली. कारण काय, तर चष्मा फुटला. काल तो नाकावर होता.

परदेशातल्या दोन वर्षांच्या कामाला मला २१ तारखेला होकार द्यायचा आहे. त्याआधी सगळं कळव. तुझा लोभ आहेच, या वेळी माहितीही असू दे.

तुझी,
मोजपट्टी

दि. १० मार्च

चि. मोजपट्टीस अनेक आशीर्वाद.

भावाच्या घरात राहते म्हणून भाचीने माझी झडती घ्यावी का गं? बापाची बोटं मोजत बसलीस, त्यापेक्षा दोन घास नीट जेवली असतीस.

सांगते, पण हसू नकोस. दुकानाच्या वरच्या मजल्यावर पियानो शिकवणाऱ्या एक बाई राहायला आल्या आहेत. दादाला त्यांच्यासमोर मिरवायचंय. म्हातारचळ, दुसरं काय! चष्मा मेला दुरुस्त होऊन आला. xxxxx बाईंनीच सांगितलंय, रोज अर्धा तास वाजवा, सहा महिन्यांत अंगठा वळेल. तू खुशाल जा. दुकानात येईल त्याला दादा तुझ्या जाण्याचं कौतुक सांगतो.

माया आहे तशी ठेव, संशय तेवढा कमी कर.

तुझी,
आत्या

दि. १४ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

आत्याला खोटं बोलता येत नाही आणि नीट खोडताही येत नाही. ‘बाईंनीच’च्या आधीचा शब्द मी कागद खिडकीच्या काचेला लावून वाचला. ‘डॉक्टर’ आहे. शिकवणारी बाई अंगठा ‘वळवा’ म्हणेल. ‘वळेल’ असा धीर डॉक्टरच देतात.

यंत्र पुन्हापुन्हा एकाच जागी अडलं तर आधी ती जागा बघायची, हे तुम्हीच मला दहाव्या वर्षी दुकानात शिकवलंत. तुम्ही ‘ग’वर अडता. अर्धांगाचा झटका कधी आला? किती मोठा होता? सध्या दुकानातली घड्याळं कोण उघडतं?

मी जावं म्हणून लपवलंत, हे समजलं. पण चुकीची वेळ दाखवणारं घड्याळ तुम्ही कधी गिऱ्हाइकाच्या हातात दिलं नाहीत. मलाही देऊ नका.

काल एका मैत्रिणीच्या पियानोवर मी बसून पाहिलं. माझा अंगठा सहाव्या वेळी सरकला.

मला तुमचं पत्र हवं, आत्याच्या अक्षरातलं नको. उजव्या हाताने लिहा. एकच ओळ, वाकडी गेली तरी चालेल. ती वाचून मी होकाराचं ठरवेन. लोभात काही उणं नाही, त्याची काळजी नको.

तुमची,
मोजपट्टी

ता. क. उत्तर शुक्रवार, १८ तारखेपर्यंत मिळावं.