पुढची लांब, मागची चौकोनी

भाऊ,

घरातले थोरले म्हणून सगळे तुम्हाला भाऊ म्हणायचे आणि आम्ही पोरांनीही तेच उचललं. बाबा म्हणायची सवय लागलीच नाही, आणि आता लावून घ्यायला तुम्ही नाही. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? परवा मी तुमचा एक नियम मोडला आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. एकाच गाडीला पुढे एका मापाची आणि मागे दुसऱ्या मापाची नंबर प्लेट बसवून आले. गाडी कुणाची ते ऐकलंत तर उठून बसाल. आपल्या गावच्या पाटलांच्या मुलाची. पाटील जाऊन बरीच वर्षं झाली, पण पाटलीणबाई आहेत.

तुमचा नियम मला तोंडपाठ आहे. दोन्ही पाट्या एकाच पत्र्यातून कापायच्या, त्याही एकावर एक ठेवून. मागची जरा लहान चालेल असं गिऱ्हाइकाने म्हटलं तरी तुम्ही ऐकायचा नाहीत. "पुढनं येनारा वाचतो तसंच मागनं येनाऱ्यानं वाचलं पायजे," म्हणायचात. आपल्या स्वयंपाकघराला खिडकी मोठी होती, म्हणून तुम्ही काम घेऊन तिथेच बसायचात. एका अंगाला आई भाकऱ्या थापतेय, दुसऱ्या अंगाला तुम्ही पत्र्यावर खडूची रेघ मारताय, आणि भाकरीला टर्पेंटाइनचा वास येतो म्हणून आईची बडबड चाललीय. आकडे मी तिथेच शिकले. आठाचं वरचं पोट लहान ठेव, नाहीतर आठ डोक्यावर पडतो, हे तुमचं वाक्य मी आजही दुसऱ्यांना ऐकवते. लोणावळ्यातल्या चिक्कीच्या दुकानांचे बोर्ड तुमच्या हातचे, तुंगार्लीच्या बंगल्यांवरची नावं तुमच्या हातची, आपल्या विहाराच्या भिंतीवरची निळी अक्षरंही तुमचीच. लोक पेंटर म्हणून हाक मारायचे तेव्हा तुम्ही किती ऐटीत वळून बघायचात. मला ते फार आवडायचं.

म्हणूनच तो ट्रॅक्टरचा दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. मी नववीत होते. पाटलांचा नवा ट्रॅक्टर, नंबर त्याच सकाळी मिळालेला, आणि पूजा दुपारच्या आतच करायची म्हणून तुम्हाला निरोप आला. कोऱ्या पाट्या आधीच बसवलेल्या होत्या, त्यावर अंगणातच नंबर लिहायचा होता. तुम्ही उकिडवे बसून लिहिताय, मी रंगाचा डबा धरून उभी आहे. काळ्यावर पांढरे आकडे, एकही रेघ हललेली नाही. तुम्ही उठून मागे सरकता, मान तिरकी करून बघता, आणि तेवढ्यात पाटलीणबाई तांब्या घेऊन येतात. हळदकुंकू नाही, फूल नाही, अजून पूजा सुरूही झालेली नाही. त्या आधी पुढच्या पाटीवर पाणी मारतात, मग मागे जाऊन मागच्या पाटीवर. ओल्या रंगावर. तुम्ही काहीच बोलत नाही. ब्रश पुसत राहता.

परतताना मी विचारलं, पाणी कशाला मारलं? तुम्ही म्हणालात, "रंग बसाया." मी म्हटलं, ऑइलपेंटला पाणी? तर म्हणालात, "त्वांड लय चालतं तुजं. डबा नीट धर." भाऊ, पेंटरच्या पोरीला हे सांगायचं? निदान थाप तरी बरी मारायची होती.

आठवड्याच्या आत पाटलांनी बोलावून घेतलं. रंगावर डाग पडले होते, आकड्यांच्या कडा फुगल्या होत्या. पाणी कुणी मारलं ते अंगणातल्या सगळ्यांना माहीत होतं. पाटील म्हणाले, "पेंटर, रंग कच्चा हाय की रं तुजा." आणि तुम्ही म्हणालात, "व्हय पाटील, चूक झाली." चूक! तुमची! तुम्ही दोन्ही पाट्या खरवडल्यात, पुन्हा लिहिल्यात, आणि घरी येऊन पाटलांच्या सात पिढ्या अशा उद्धरल्यात की आई म्हणाली, "आवं, ह्यातलं येक तरी तितं बोलायचं व्हतं." पाट्या तुमच्या पुढून मागून सारख्या असायच्या. तुम्ही मात्र नव्हतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही तुमचा खारीच्या केसांचा नवा ब्रश माझ्या दप्तरावर ठेवलात, आणि मी उठल्यावर म्हणालात, "आठ चांगला येतो तुजा." मी ब्रश घेतला, पण माझा राग गेला नाही. तो ब्रशने जाणारा नव्हता.

कारण 'कच्चा रंग' हा पाटलांचा शब्द गावात राहिला. कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं की पेंटरचा रंग. नवी भिंत पावसात खचली की पेंटरचा रंग. शाळेत माझं गणित चुकलं तेव्हा मागच्या बाकावरून तेच आलं. तुम्ही गेलात त्यानंतरही ते चालू राहिलं. म्हणणाऱ्या निम्म्या लोकांना कोण पेंटर हे ठाऊकही नसेल. मला ठाऊक आहे. सगळ्या मावळात तुमच्याइतका पक्का रंग कुणाचा नव्हता, आणि त्याच रंगाचं नाव खराब करून तुम्ही मूग गिळून निघून गेलात.

आता हाताने लिहिलेल्या पाट्या बंद झाल्यात. कायद्यानेच. तुमच्या शेवटच्या दिवसांत रेडियमचे कापीव आकडे आले होते, तेही गेले. आता मशीनवर ठोकलेली ॲल्युमिनियमची प्लेट येते, कोपऱ्यात चकाकणारा शिक्का असतो आणि तिला असं लॉक असतं की एकदा बसलं की तोडल्याशिवाय निघत नाही. जुन्या गाड्यांनाही ती सक्तीची झाली, तेव्हापासून मी वराळ्याच्या फिटिंग सेंटरवर आहे. घरी जाऊन प्लेट बसवायचं काम बहुतेक माझ्याकडेच असतं. परवाच्या कामाच्या कागदावर तुंगार्लीतल्या एका बंगल्याचा पत्ता होता आणि नाव वाचून मी थांबले. सोबतचा फिटर म्हणाला, लांब पडत असेल तर मी जातो. मी म्हटलं, हात लावू नकोस, हे माझं आहे.

गाडी परदेशातून आणलेली, आधीच्या मालकाकडून घेतलेली. धूड नुसतं. पुढच्या बंपरवर आपली लांब, एका ओळीची प्लेट छान बसत होती. पण मागच्या दारातला खळगा आखूड आणि उभट, त्यांच्या देशातल्या पाट्यांच्या मापाचा. तिथे लांब प्लेट लावली तर दाराची मूठ झाकते आणि दिव्याचा उजेड आकड्यांवर पडत नाही. म्हणून मागे दोन ओळींची, चौकोनी प्लेट मागवलेली होती. दोन्ही मापं कायद्यात बसतात. तुमच्या नियमात बसत नाहीत, त्याला माझा इलाज नाही. तुमच्या वेळी पत्रा तुम्ही कापत होतात, आता खळगा परदेशात कुणीतरी कापलेला असतो.

पाटलांच्या मुलाने मागची प्लेट पाहिली आणि त्याचं तोंड वाकडं झालं. "एवढी गाडी आणि मागे रिक्षासारखी पाटी? मॅडम, दोन्ही सारख्या पाहिजेत. लांबच लावा, दोन्हीकडून थोडी दुमडा." मी म्हटलं, दुमडता येणार नाही, आकडे मुडपतात. त्याने माझ्यासमोरच आमच्या सुपरवायझरला फोन लावला आणि मग फोन माझ्या हातात दिला. सुपरवायझर म्हणाले, "करून टाका ना. मोठं गिऱ्हाईक आहे, वरपर्यंत ओळखी आहेत." तुम्ही असतात तर व्हय म्हणाला असतात आणि घरी येऊन सुपरवायझरच्याही सात पिढ्या काढल्या असत्यात. मी म्हटलं, "दुमडलेल्या प्लेटला मी लॉक मारणार नाही. मारायचंच असेल तर तुम्ही या आणि मला उद्यापासून येऊ नको म्हणा." मग, "बघा बुवा तुमचं तुम्ही," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पोर्चमध्ये खुर्ची टाकून पाटलीणबाई बसल्या होत्या. पार वाळल्यात, पण आवाज तोच. म्हणाल्या, "आरं, मान्साचं तरी पुढनं मागनं सारखं आस्तंय का? बसीव म्हनावं." मुलगा हसला. मलाही हसू आलं आणि हसू आलं याचा राग आला. मी पुढची प्लेट बसवली, मग मागची. बाईंची नजर माझ्या हातावरच होती. शेवटचं लॉक बसल्यावर त्यांनी विचारलं, "कुनाची गं तू?"

"पेंटरची."

"कंच्या पेंटरची?"

"तुमच्या ट्रॅक्टरचा नंबर लिहिला होता, त्या."

त्या "आगं बया" म्हणाल्या. तेवढ्यात सुनेने पूजेचं ताट आणलं. बाई काठी टेकत गाडीपाशी आल्या. पुढे हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं. मागे आल्या, चौकोनी प्लेटवर कुंकवाचं बोट लावलं आणि तांब्यातलं पाणी फुलाने शिंपडलं. पूजेचंच पाणी होतं ते, मला दिसत होतं. तरीही मी बोलले. तुमच्या अंगणातल्या गप्प बसण्यावर मी एवढी वर्षं चरफडत होते, मी कशी गप्प बसेन?

"आजी, हे पाणी पूजेचं. तेव्हा ट्रॅक्टरच्या पाटीवर पूजेआधीच पाणी मारलंत, ते कशाचं होतं?"

मुलगा पुढे आला. "अहो ताई, जुनं कशाला उकरताय?" मी म्हटलं, "मी तुमच्याशी बोलत नाहीये." सून ताट धरून तिथेच उभी होती.

बाई म्हणाल्या, "इटाळ जाया. तुज्या बापाचा हात लागला व्हता म्हनून. तवा तसंच करायचे. मीच मारलं."

"रंग ओला होता. पाण्याने फुगला. पाटील म्हणाले, रंग कच्चा आहे."

"रंग कच्चा न्हवता," त्या म्हणाल्या. "ठावं व्हतं मला." आणि त्यांनी मान खाली घातली.

मी विचारलं, हे गावात सांगाल? म्हणाल्या, "कुनी इचारलं तर सांगीन." सुनेने हळदकुंकवाचं ताट माझ्यापुढे धरलं, मी म्हटलं, आम्ही लावत नाही. चहाला थांबायला सांगितलं, थांबले नाही. मळवलीला एका बंगल्यावर आणखी एका गाडीची प्लेट लावायची होती, ती लावली आणि घरी आले.

तर हे असं झालं. तुमचा रंग पक्का होता, हे त्या घराच्या तोंडून, त्याच घरातल्या माणसांसमोर मी वदवून घेतलं. तुम्ही म्हणाल, काय मिळवलंस? त्वांड लय चालतं तुजं. चालतं, भाऊ. चालू दे. तुम्ही आमच्या पोटासाठी गप्प बसलात, हे आईने मला शंभरदा सांगितलंय आणि मला ते कळतं. पण कळलं म्हणून पटायलाच पाहिजे असं नाही. मला तुम्ही तिथे उभे राहून एकदा तरी "पाणी का मारता?" एवढं विचारलेलं हवं होतं. बाकी काही नको होतं. पुन्हा रंग लावायला मी तुमच्याबरोबर दहा वेळा आले असते.

हे कुठे पोस्टात टाकायचं नाही, तेव्हा एक लिहून टाकते. पाटलीणबाईंनी मान खाली घातली असं मी वर लिहिलंय. सेंटरवर तसंच सांगितलं, आईलाही तसंच सांगितलं, आणि ती डोळ्याला पदर लावून "बरं झालं बाई" म्हणाली. पण तसं झालं नाही. म्हातारी माझ्याकडे सरळ बघत होती. "ठावं व्हतं मला" म्हणताना तिची पापणीही हलली नाही. मलाच तिच्याकडे बघवेना. बसलेलं लॉक मी अंगठ्याने पुन्हा पुन्हा दाबत राहिले. मान मी खाली घातली, भाऊ. पण विचारून झाल्यावर.