भिंतीपलीकडची पाठ

२ मार्च
आले एकदाची! खोली चार पावलांत संपते, पण खिडकीतून हॉस्पिटल दिसतं, म्हणजे तपासणीला चालत जाता येईल. काचेने डावं मनगट कापलं तेव्हा टेलरिंगच्या दुकानातल्या बायका म्हणाल्या, संपलं हिचं शिवणकाम. डॉक्टर तसं म्हणत नाहीत. तुटलेल्या मज्जातंतूच्या दोन टोकांमध्ये त्यांनी बारीकशी नळी बसवलीय. तंतू तिच्यातून रोज साधारण मिलिमीटरभर वाढेल, नळी आपोआप विरघळेल. मी रोज मनगटापासून पुढे टिचक्या मारत जायचं आणि मुंग्या येतील तिथे पेनाने खूण करायची. बोटांना कापडाचा पोत कळला की माझं काम पुन्हा माझ्या हातात.

११ एप्रिल
खूण तळव्याच्या मध्यावर आली. ताई फोनवर म्हणाली, मोजत बसू नकोस, वेड लागेल. मग दुसरं करू काय? आठवडाभरात माझ्याशी बोलला तो एकटा भाजीवाला, तोही पिशवी आणलीत का एवढंच. शेजारच्या आजोबांची खुर्ची माझ्या भिंतीला लागून असते. ते खोकले की भिंत थरथरते. मी त्या जागी तळवा टेकून बसते. हात कशावरही टेकवून ठेवू नका असं डॉक्टरांनी बजावलंय, पण त्यांच्या घरी बोलायला माणसं असतील.

२० मे
एका दिवसात खूण थेट बोटांच्या टोकाशी! रडूच आलं. धावत जाऊन कापड धरलं, तर काहीच कळेना. भिंतीला हात लावला आणि सुती सदऱ्याचा पोत लख्ख कळला. आजोबांच्या सदऱ्याचा. पलीकडून.

२४ मे
भिंतीवर टिचकी मारून पाहिली. बोटांपासून वीतभर लांब. मुंग्या आल्या. मी तिथेही खूण केली. डॉक्टरांना सांगायलाच हवं. उद्या जाते. आज आजोबा पाठ टेकून बसलेत. ऊब लागतेय. किती महिन्यांनी कोणीतरी —

२७ मे, सकाळ
हात सुटत नाही. ओढला की छताजवळ दुखतं. ताईला फोन केला. निघालीय, संध्याकाळी पोचेल.

दुपार
आजोबांची पाठ नाही. मुलगा त्यांना घेऊन गेला बहुतेक. पलीकडे नवी माणसं, मोठ्याने गाणी लावलीत. हाका मारतेय, ऐकू जात नाही.
कोणाचा तरी रुंद तळवा भिंत चाचपतोय. फळी ठोकायची असावी. माझ्यावरूनच फिरतोय —
थांबला.
गार लोखंडी टोक टेकलं — अहो, इथे मी आहे — ड्रिल सुरू करतायत —