अप्पांची कार्डं

निंबर्गा, ता. ५ जानेवारी २०२५

सौ. शैलाक्कास,
राजशेखरचे शरणु. वि. वि.

अप्पांना कलबुर्गीच्या दवाखान्यातून घरी आणलं. उजवा हात लुळा पडलाय आणि वाचा गेलीय. मराठी, कानडी, हिंदी, तिन्ही एकदम. कळतं सगळं, सांगता येत नाही. पाणी हवं असतं तेव्हा आई उशी सरळ करते, मग ते चिडून ताट ढकलतात. आई म्हणते, ह्यांच्या मनातलं मी आता कसं वळखू.

फोन केला असता, पण घरात कुठंही बोललं तरी अप्पांना ऐकू जातं, आणि तू जातीबाहेर लग्न केलंस तेव्हापासून तुझं नाव इथं काढायचं नाही हे ठरलेलं. शिवाय मला हवंय ते फोनमधून येत नाही. साबणाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मी मार्करनं चित्रं काढली. त्यांनी बोट ठेवावं, आम्ही समजावं, असा बेत. पण माझा चहाचा कप त्यांना मोरीतला तांब्या वाटला. आम्ही चहा पाजला आणि त्यांना मोरीत जायचं होतं. अंगठ्यानं घासून चित्रंही पुसली. तू गाणगापुरात लॉजच्या पाट्या रंगवतेस, तर चार कार्डं काढून दे.

लोभ आहे तेवढा पुरे. वाढला तर नको म्हणणार नाही.
राजू


गाणगापूर, ता. ९ जानेवारी

चि. राजूस अनेक आशीर्वाद.

पत्र आलं आणि दुपारभर हात चालला नाही. अप्पांचा आवाज गेला हे मनाला पटेना. माझ्या कानात तो अजून तसाच मोठा आहे.

कामाचं सांगते. तू आणलास तो शाळेतल्या पांढऱ्या फळ्याचा मार्कर दिसतो, तो पुसणारच. पक्का मार्कर घे. साबणाचं खोकं मऊ पडतं. जुन्या लग्नपत्रिका जाड असतात, त्यांची कोरी पाठ वापर. एका कार्डावर एकच वस्तू, जाड रेघ, उगाच रंग भरत बसू नको. वरून नव्या साडीच्या पिशवीचं पारदर्शक प्लास्टिक कापून चिकटपट्टीनं बसव, म्हणजे चहा सांडला तरी चालेल. कोपऱ्यात भोक पाडून नाडीत ओव.

सोबत पाणी, चहा, मोरी, पंखा, दुखणं अशी कार्डं पाठवतेय. माणसांचीही काढलीत: आई, तू, शेजारचे गुरुबसव काका. तुझं नाक मोठं काढलंय; त्याशिवाय तू ओळखू आला नसतास. कुणी काढली ते सांगू नको.

आईला जप, स्वतःही वेळेवर जेव.
तुझी अक्का


निंबर्गा, ता. २० जानेवारी

सौ. अक्कास शरणु. वि. वि.

कार्डं लागू पडली. ताट ढकलणं थांबलं. हवं त्यावर डावं बोट ठेवतात, नको ते पालथं घालतात. गुरुबसव काकांना रोज बोलावून घेतात आणि कंटाळा आला की त्यांच्या देखतच त्यांचं कार्ड पालथं घालतात. काका हसत उठून जातात. नाकाबद्दल तुला समोर भेटल्यावर बोलेन.

एक राहिलं. संध्याकाळी अप्पा माणसांचीच कार्डं चाळत बसतात. मी, आई, काका, परत मी. काल आई मला मागच्या दारी नेऊन म्हणाली, ह्यात एक माणूस कमी हाय, पोरीला लिव्ह. तर अक्का, तुझं एक काढून पाठव.

राग न मानावा, उत्तर लवकर द्यावं.
राजू


गाणगापूर, ता. २८ जानेवारी

चि. राजूस आशीर्वाद.

बरीच कार्डं फाडली. नागेंद्र म्हणाले, अख्ख्या लॉजची पाटी तू याहून लवकर रंगवतेस. नवराच तो, बोलणारच. शेवटी आरसा समोर ठेवून काढलं. सोबत आहे.

नुसतं दाखव. तू किंवा आईनं नाव सांगायचं नाही. त्यांचं त्यांना ठरवू दे. मला यायचंय राजू. ते आहेत तोवर एकदा त्यांच्यासमोर उभं राहायचंय. पण त्यांनी पालथं घातलं तर मी येणार नाही, आणि तू ते माझ्यापासून लपवायचं नाही.

अक्का


निंबर्गा, ता. ४ फेब्रुवारी

सौ. अक्कास शरणु.

लपवत नाही. कार्ड हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, बराच वेळ पाहिलं आणि पालथं घातलं. दुसऱ्या दिवशी परत दिलं, परत तेच. आई जेवली नाही.

राजू


गाणगापूर, ता. ८ फेब्रुवारी

चि. राजूस आशीर्वाद.

कळलं. फार लागलं, पण तुझ्यावर राग नाही. त्यांच्यावरही धरता येत नाही.

आता ऊन वाढेल. ताकाचं आणि पांघरूण काढायचं अशी दोन कार्डं पाठवतेय. प्लास्टिक मीच बसवलंय, तुझी चिकटपट्टी नेहमी तिरकी जाते. माझं कार्ड परत पाठवू नको, चुलीत घाल.

आहे तसा लोभ तिथंच राहू दे.
अक्का


निंबर्गा, ता. १४ फेब्रुवारी

सौ. अक्कास शरणु. वि. वि.

कार्ड चुलीत गेलं नाही. परवा आई ते हातात घेऊन बसली होती. एकदम मला म्हणाली, ही पांढऱ्या केसाची चष्मेवाली बाई त्यांनी कामून वळखावी? लेक गेली तवा तिची वेणी कमरंला लागायलती. अक्का, तू आरशात पाहून काढलंस. अप्पांनी तुला लग्नानंतर पाहिलेलंच नाही. आम्ही दोघं तुला चोरून भेटत आलो, म्हणून आमच्याही ध्यानात आलं नाही.

आईनं कार्ड त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि तुझं नाव घेतलं. ह्या घरात, मोठ्यानं. अप्पांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं. मग माझ्या खिशातला मार्कर ओढून घेतला. टोपण मीच काढून दिलं आणि पस्तावलो; वाटलं, आता तोंडाला काळं फासतात.

त्यांनी तुझे केस काळे केले. एकेक पांढरी बट, कानामागची सुद्धा. प्लास्टिकवर शाई घसरत होती, डाव्या हाताला सवय नव्हती, रेघा कपाळावर आल्या आणि तुझं चित्र पार बिघडलं. आता ते कार्ड मागितलं तरी कुणाला देत नाहीत.

तुझा रविवार मोकळा हाय का, असं आई इचारायलीय.

राजू


गाणगापूर, ता. १८ फेब्रुवारी

चि. राजूस अनेक आशीर्वाद.

रविवारी सकाळच्या बसनं येते. नागेंद्रही येतायत, अप्पांनी बोलावलं तर आत, नाहीतर गुरुबसव काकांच्या ओट्यावर बसतील म्हणतात. जाण्याआधी केसांना रंग लाव, असं ते दोनदा म्हणाले. मी नको म्हटलं. मी नव्हते तेवढी वर्षं अप्पांना बघू दे.

आईस शरणु. बाकी समोर.
तुझी अक्का