छापलेली घडी

सोमवार, ४ मार्च

आलं! पुठ्ठ्याच्या नळकांड्यातून, जुन्या चादरीत गुंडाळून. घेऊन आलेल्या बाई एकाहत्तरच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. पावतीवर मी घाईत ‘पोष्टर’ लिहिलं, तर त्यांनी माझ्याच पेनानं दुरुस्त केलं. पन्नाशीत मार खाल्ला मी शुद्धलेखनाचा!

पिंजऱ्यातल्या वाघाला पाठ टेकून हसत बसलेली नायिका. चित्रपट नव्वद वर्षांपूर्वीचा, आज त्याचं एक रीळही शिल्लक नाही. बाईंचे वडील – आप्पा – चित्रपटगृहाचे व्यवस्थापक. ‘जगात हे एकच उरलंय, जप,’ म्हणून त्यांनी मोठ्या लेकीच्या हाती दिलेलं.

आमचे साहेब हवेतच. लिलावाच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर हेच, म्हणे!

“अहो, आधी मला तपासू तर द्या.”

“तपासा हो. पण अस्सलच निघू द्या.”

मंगळवार, ५ मार्च

भिंग पुसून ठेवलं. पोस्टरला हात लावला नाही. तपासणी सकाळच्या उजेडात आणि भरल्या पोटी – हा माझा नियम.

बुधवार, ६ मार्च

सकाळी भिंग डोळ्याला लावणार, तोच दारात दुसऱ्या बाई. सहासष्टच्या, ठेंगण्या, हसऱ्या. काखेत नळकांडं. उघडलं – तीच नायिका, तोच वाघ!

ही धाकटी बहीण. साहेबांनी कालच घाईनं दिलेली लिलावाची जाहिरात वाचून आली. आप्पांनी म्हणे तिलाही हेच सांगितलेलं: ‘जगात एकच, जप.’

आप्पा गेल्यावर दोघींची पोस्टरं समोरासमोर आली आणि ठिणगी पडली. ताई म्हणाली, तुझं नकली. ही म्हणाली, तुझं! तेव्हापासून एकोणीस वर्षं बोलणं बंद. गावं शेजारशेजारची, तरी एकमेकींच्या घरातल्या लग्नांना नाहीत.

“ताईनं शपथ घातलीय,” धाकटी म्हणाली. “पोस्टर तपासून घे, हरलीस तर कबूल कर, मगच माझा उंबरठा चढ. तर टाका तपासून एकदाचं! कधी सांगाल?”

भांडकुदळ बाई अशी गोड असते का?

नवरा रात्रीच्या जेवणाला म्हणाला, “एकीला जिंकवलंस की दुसरी कायमची गेली.” गप्प जेव, म्हटलं. पण खरं आहे ते.

गुरुवार, ७ मार्च

आज दिवसभर दोन्ही टेबलावर, शेजारी शेजारी.

आधी मोठीचं. कागद पिवळा, पण सगळीकडे सारखा. खरा म्हातारा कागद कडेनं आधी पिकतो, माणसाच्या कानशिलासारखा. हा एका रात्रीत म्हातारा झालेला! वास घेतला. जुन्या कागदाचा आंबूस वास नाही. जांभळा दिवा लावला, तर मागची कोरी बाजू चमकली निळसर. नव्वद वर्षांपूर्वीचा कागद असा चमकत नाही, ही चमक आणणारा मसाला कागदात खूप नंतर आला. भिंगाखाली रंगाचे टिपके – रांगेत, शाळेच्या कवायतीसारखे. त्या काळी पोस्टरं दगडावरून छापत, त्या रंगाला असे टिपके नसतात.

मुख्याध्यापिका हरल्या, म्हणजे धाकटी जिंकली! हसूच आलं मला. धाकटीचं ओढलं पुढ्यात.

कडा – सारख्याच पिवळ्या. दिवा – चमक. भिंग – कवायत.

मग ते दिसलं. दोन्हींवर वाघाच्या कानावरून एक घडी गेलीय, शेवटाला फाटल्याची सावली. बोट फिरवलं. बोटाला काहीच लागेना! घडी छापलेली. दोन्हींवर तीच, त्याच जागी. म्हणजे कुठेतरी एक खरं पोस्टर होतं, खरंखुरं घडी पडलेलं, आणि ही दोन्ही त्याची पिल्लं.

आप्पांनी दोघींनाही टोपी घातली!

शुक्रवार, ८ मार्च

साहेबांना सांगितलं. त्यांनी पुस्तिकांचा गठ्ठाच माझ्यापुढे ठेवला.

“मुखपृष्ठ छापून झालंय हो. ‘बहुधा अस्सल’ असं नाही का लिहिता येणार?”

“बहुधा मी उद्यापासून येणार नाही, असं लिहिता येईल.”

हे माझ्याच तोंडून निघालं? साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुस्तिकेकडे. “फाडा,” म्हणाले. आणि स्वतःच पहिली फाडली. माणूस वाईट नाही.

शनिवार, ९ मार्च

दोघींना एकाच वेळी बोलावलं. मुद्दाम. मध्ये माझं टेबल, दोघी दोन भिंतींकडे तोंड करून.

मी सांगितलं. भिंग दोघींच्या हातात दिलं, आळीपाळीनं. घडीवरून बोट फिरवायला लावलं.

मला वाटलं, आता रडारड. मोठी आपल्या पोस्टरकडे बघत राहिली, मग धाकटीच्या. मग म्हणाली, “लबाड म्हातारा!”

आणि खुदकन हसली. धाकटी बघतच राहिली क्षणभर, मग तीही. दोघी अशा हसल्या की मोठीचा चष्मा टेबलाखाली गेला. धाकटी तो शोधायला वाकली, तिथेच बसून हसत राहिली.

“खरं कुणाला दिलं असेल गं आप्पांनी?” तिनं खालूनच विचारलं.

“आपल्याला नाही दिलं, एवढं खरं!”

“गं!” एकोणीस वर्षांनी. जाताना धाकटीनं ताईच्या पिशवीला हात घातला, तर मोठी म्हणाली, “राहू दे, मी काही म्हातारी नाही.” आणि दिली.

सोमवार, ११ मार्च

साहेबांनी मुखपृष्ठावर दुसरंच घातलं. मीच तपासलेलं. कडा अगदी कानशिलासारख्या!

मंगळवार, १२ मार्च

धाकटीचा फोन, ताईच्या घरून. हळू आवाजात, बहुधा ताई शेजारच्या खोलीत असावी.

“एक सांगते, कुणाला बोलू नका. माझं नकली आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते छापून आणायला आप्पांबरोबर मीच गेले होते. ताईचं खरं असणार, असंच धरून चालले होते मी. पण भांडणात बोलून गेले, आणि मग कबूल करायला जीभ रेटेना. तुमच्याकडे मी हरायलाच आले होते.”